डावीकडची मधली पट्टी

२ मे

ती. अक्का,

नमस्कार. माझं पत्र आलं की तू आधी शेवटची ओळ वाचतेस, कारण कामाचं मी तिथे लपवतो असं तुझं म्हणणं. म्हणून या खेपेला पहिल्याच ओळीत लिहितो. मला म्हातारीला घेऊन तुझ्याकडे यायचं आहे. समुद्रावरून.

पत्र खाली ठेवू नकोस, कारण ऐक. आमचा धक्का बुजवणार आहेत. मार्चमध्ये बंदराचा कारकून आला आणि प्रत्येक बोटीवर कागद चिकटवून गेला. इथे गोदामं होणार. तीस सप्टेंबरनंतर जी बोट दिसेल ती यंत्राने मोडून भंगारात जाईल. मी नऊ बंदरांना लिहिलं. सात जणांनी कळवलं की पंचवीस वर्षांवरची बोट आम्ही ठेवत नाही, दोघांनी तेवढीही तसदी घेतली नाही. म्हातारी बत्तीस वर्षांची आहे.

तुझ्या घरामागे खाडीत तुझा स्वतःचा लाकडी धक्का आहे. त्याला बांधायला कोणाची परवानगी लागत नाही, तुझी सोडून. मध्ये चार आठवडे नुसतं पाणी आहे हे मला ठाऊक आहे. मी कधी खाडीचं तोंड ओलांडलेलं नाही हेही तू सांगायची गरज नाही.

आधी भिंगरी गेली, नऊ वर्षांची पोर माझी. गेल्या वर्षी तुझी वहिनी गेली. भाड्याचं घर सोडून मी बोटीवर राहायला आलो तेव्हा तुला लिहिलं होतं की हवापालटासाठी आलोय. हवापालट कसला. मला दुसरीकडे कुठे बसवेना. आता हेही गेलं तर मी कुठे जाऊ ते मला खरंच कळत नाही.

तारा आणि डोलकाठी यातलं तुला जेवढं कळतं तेवढं इथे कोणाला कळत नाही. काय काय करावं लागेल ते लिही. टेलिफोनवर तुला ऐकू येत नाही, नाहीतर आजच केला असता.

तुझा,
बाब्या

१५ मे

चि. बाब्या,

आशीर्वाद आहेत, पण ते तूर्त बाजूला ठेव. तुझं डोकं फिरलंय का?

जन्मभर छापखान्यात उभा राहिलास. रविवारी दोन तास शीड वर करून खाडीत चकरा मारल्यास. आणि पंचावन्नाव्या वर्षी अठ्ठावीस फुटांची जुनी बोट घेऊन महासागर ओलांडणार. तू एकटा ये. तिकीट मी पाठवते. वरची खोली रिकामी आहे, खिडकीतून पाणी दिसतं, तुला जितकं बसायचं तितकं बस.

हे लिहून झाल्यावर दोन दिवस पत्र टाकलं नाही. तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे. तेव्हा पुढचं नीट वाच.

तिला पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर ठेव. बुडाला जेवढे नळ आहेत ते सगळे बदल आणि प्रत्येकाशेजारी त्याच्या मापाची लाकडी पाचर दोरीने बांधून ठेव. सुकाणूला खालून भोक पाडून बघ आत पाणी आहे का. खिडक्या खाडीत ठीक आहेत, समुद्राची एक लाट आली की आत येतील, त्यांवर जाड झाकणं कर. मागे जिथे तू बसतोस तिथलं पाणी वाहून जायच्या नळ्या बोटभर आहेत, त्या मनगटाएवढ्या हव्यात.

आणि पट्ट्या. हे तुला शाळेतल्यासारखं सांगते. डोलकाठी उभी राहते ती आठ तारांच्या ओढीवर. एक पुढे, एक मागे, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. प्रत्येक तार खाली एका पोलादी पट्टीला बांधलेली असते, आणि ती पट्टी डेकमधून आत उतरून केबिनच्या फळीमागे बोल्टने आवळलेली असते. पट्टीचा जो भाग आपल्याला दिसतो तो चकचकीतच असतो. ती कुजते डेकच्या जाडीत, जिथे नजरही जात नाही आणि फडकंही. ऐन समुद्रात एक पट्टी तुटली की डोलकाठी आडवी होते, आणि आडवी डोलकाठी प्रत्येक लाटेबरोबर बोटीला ठोकत बसते, भोक पडेपर्यंत.

आठही उघडायच्या. सगळ्या बाहेर काढून हातात धरून बघायच्या. आपल्या अण्णांच्या बोटींच्या कारखान्याचा नियम आठवतो ना, जे झाकायचं ते स्क्रूने झाकायचं, म्हणजे उघडता येतं. म्हणून तुला फार कष्ट नाहीत. एक जरी राहिली तरी माझ्या धक्क्याला बांधू देणार नाही.

अक्का

४ जून

ती. अक्का,

एकटा ये म्हणालीस, त्याबद्दल तुझे पाय धरतो, पण ते पुन्हा लिहू नकोस. म्हातारीला इथे टाकून येणं माझ्याने होणार नाही. का ते विचारू नकोस.

ठोकळ्यांवर ठेवून आठवडा झाला. रोज काहीतरी नवं निघतं. बुडाचा एक नळ पान्याने फिरवायला गेलो तर तो फिरलाच नाही, सगळाच्या सगळा हातात आला. म्हणजे मी इतकी वर्षं त्या नळाच्या मेहेरबानीवर तरंगत होतो. सुकाणूला भोक पाडलं, तांबूस पाणी लागलं, ते दोन दिवस थेंब थेंब गळत होतं. मी खाली डबा ठेवला होता. येणारा जाणारा विचारायचा, म्हातारीला काय झालंय.

पट्ट्या चार काढल्या. पुढची ठणठणीत, तरी नवीच घालतो. मागची बाहेरून आरशासारखी आणि मध्ये काळी पडून अर्धी झिजलेली. उजवीकडची मधली काढून दगडावर ठेवली आणि हातोडीचा एक टोला दिला. मोडली. तिथेच ठोकळ्याशेजारी मातीत बसलो. ठोकळ्यांवर चढवायच्या आदल्या रविवारी याच पट्टीच्या जिवावर मी शीड ताणून बसलो होतो आणि वर चहा पीत होतो.

शेजारच्या बोटीवर एक वेल्डर राहतो. तोच नव्या पट्ट्या करून देतोय. त्याने स्वतःची बोट सोडून दिली आहे, म्हणतो मोडू देत, मुलाकडे राहायला जाईन. मला मुलं किती असं त्याने विचारलं. मी पान्याचं माप विचारून विषय बदलला.

हात सोलून निघालेत. पण एक सांगतो, झोप लागते. वर्षभरात लागली नव्हती.

बाब्या

१८ जून

चि. बाब्या,

हातोडी मारून बघितलीस हे चांगलं केलंस. अण्णा असते तर म्हणाले असते, छापखान्यात फुकट गेला.

डोलकाठीच्या बुडाखाली जी तुळई आहे ती टोचून बघ. सुरी आत गेली तर बदलायची. डेकवरून कमरेची दोरी अडकवायला पुढून मागेपर्यंत एक पट्टा ओढून घे. एकटा आहेस, पडलास तर परत चढवायला कोणी नाही.

उरलेल्या चारपैकी डावीकडची मधली आधी काढ. बाकीच्या नंतर. त्या पट्टीवर सगळ्यात जास्त ओढ येते, एवढंच कारण. काढलीस की लगेच कळव, दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल. कशी दिसते ते नीट लिही.

माझी बोटं आता पानाही धरत नाहीत. नाहीतर आले असते.

अक्का

१३ जुलै

ती. अक्का,

पत्राला उशीर झाला. तुळईने नाकी नऊ आणले. सुरी मुठीपर्यंत गेली. सगळी स्पंज झालेली. ती काढायची म्हणजे केबिनची जमीन उचकटायची. नवी तुळई मी पातळ फळ्या एकावर एक चिकटवून केली, अकरा थर, प्रत्येक थर दिवसभर दाबून ठेवायचा. मला वाटतं आयुष्यात मी केलेली ही सगळ्यात भक्कम वस्तू आहे. खिडक्यांची झाकणंही झाली. पट्टाही ओढला. वेल्डर म्हणतो, आता ही बोट उलटी झाली तरी आतला माणूस सुलटा राहील.

धक्का अर्धा रिकामा झालाय. पलीकडच्या टोकाला खडी टाकायला सुरुवात झाली. दिवसभर ट्रक येतात आणि पाणी आकसत येतं. मी तिकडे पाठ करून काम करतो.

पट्ट्या सात झाल्या. राहिली ती डावीकडची मधली. तिची अडचण अशी की ती फळी स्क्रूची नाही. बाकी सगळ्या फळ्या अण्णांनी स्क्रूने लावल्या आहेत, तू म्हणालीस तशा, पण ही एकच चिकटवलेली आहे. जमिनीपासून छतापर्यंत एकसंध. काढायची तर करवत लावून तुकडे करावे लागतील. अण्णांनी काहीतरी विचार करूनच चिकटवली असेल ना? वरून मी पट्टी पाहिली, लखलखीत आहे. तारेला लोंबकळलो, हलली नाही. सात नव्या आहेत, एक अण्णांच्या हातची राहू दे. तेवढी मोकळीक दे मला.

बाब्या

२८ जुलै

बाब्या,

मोकळीक कसली मागतोस, समुद्राकडे माग.

तू लहानपणापासून हाच आहेस. अभ्यास सगळा करायचा आणि शेवटचं गणित सोडून द्यायचं, आणि वर म्हणायचं की सातच तर विचारतात. वरून लखलखीत आहे म्हणे. उजवीकडची लखलखीत नव्हती? तीच हातोडीखाली मोडली ना? अण्णांचं नाव पुढे करू नकोस. अण्णा गेले, त्यांनी काय विचार केला होता ते त्यांच्याबरोबर गेलं.

अकरा थरांची तुळई करायला तुला कंटाळा आला नाही आणि एका फळीला करवत लावायला हात जड होतो? ही आळसाची हद्द झाली. काप आणि टाक. फळीच आहे, फळ्या जगात खूप आहेत.

मी इथे रोज हवेचा नकाशा बघते. ऑक्टोबर लागला की मधल्या पाण्यात वादळं सुरू होतात. माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तू मला लाकूड कसं लावलंय ते सांगतोस.

अक्का

१२ ऑगस्ट

ती. अक्का,

कापली. झालं तुझ्या मनासारखं.

आणि सांगू का, उगाच कापली. आत पट्टी जशीच्या तशी, डाग नाही की चीर नाही. पाच बोल्ट, पाच भोकं, दोरी धरून पाडल्यासारखी एका रेषेत. अण्णांच्या हाताला तोड नव्हती. हातोडीचे चार टोले दिले, घंटेसारखी वाजली. पुन्हा बसवली आणि वरून नवी फळी लावली, स्क्रूने.

म्हातारी पाण्यात उतरली. गळत नाही. मी दहा सप्टेंबरच्या भरतीला निघतो. पाणी, डबे, नकाशे, औषधं सगळं भरलंय. तुझ्या धक्क्यावर दोरी टाकायला तू उभी राहा. पोचायला उशीर झाला तर लगेच रडारड करू नकोस, वारा पडला असेल.

आता भांडण संपलं ना?

बाब्या

२३ ऑगस्ट

चि. बाब्या,

तार मिळाली असेल. ती वाचून तू थांबला असशील असं धरून लिहिते. दुसरं काही धरायची माझ्यात ताकद नाही.

ती पट्टी तू उघडलेली नाहीस. मला इथे बसून कसं कळलं ते सांगते. तिला पाच भोकं नाहीत, सहा आहेत. आणि ती अण्णांनी केलेली नाही. मी केली आहे.

तुझ्या लग्नाला नऊ दिवस उरले होते. बोट तुला द्यायची होती. अण्णांनी त्या वेळी पहिल्यांदाच कारखान्यातल्या सगळ्या पुरुषांसमोर सांगितलं होतं की आजपासून तारा आणि पट्ट्या अक्का बघेल. काहीजण हसले होते. सात पट्ट्या मी जीव ओतून केल्या. आठवीला माप उलटं धरलं. भोक पडल्यावर कळलं की ते वर पडलंय, नेमकं जिथे पट्टी डेकमध्ये शिरते तिथे. ती टाकून नवी करायला हवी होती. पण नवं पोलाद मागायचं म्हणजे चूक सांगायची, आणि जे हसले होते ते पुन्हा हसले असते. मी ते भोक वेल्डिंगने भरलं, घासलं, चकाकी आणली. अण्णा जेवायला गेले तेवढ्यात पट्टी बसवली आणि वरून फळी चिकटवून टाकली, कोणाला उघडताच येऊ नये म्हणून.

संध्याकाळी अण्णांनी एकेक फळी काढून सातही पट्ट्यांवरून बोट फिरवलं. आठवी फळी निघेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, इथे ओल येते, म्हणून पक्की केली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दिवा मालवून गेले. त्या हाताची मला आजपर्यंत लाज वाटते. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या बोटींच्या पट्ट्या मी तीन तीनदा तपासल्या, ती एक सोडून.

भरलेलं भोक इतक्या वर्षांत गंजून गोल डाग दाखवतंच, आणि त्यालाच पहिली चीर जाते. खाडीत काही झालं नाही कारण खाडीत काही होत नाही. तिच्यावर विसंबून समुद्रात गेलास तर ती तुटेल. तुटू शकेल असं म्हणत नाही, तुटेल.

हे मी मे महिन्यात लिहायला हवं होतं. वाटलं, तू उघडशील, सहावं भोक बघशील, अण्णांची चूक समजून गप्प बसशील आणि पट्टी बदलशील. माझं झाकलेलं झाकलेलंच राहील. तुला आळशी म्हटलं, शेवटचं गणित सोडणारा म्हटलं, आणि स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. तू मरायला निघालास तेव्हा कुठे माझी लेखणी उठली.

करवत नको. मी साधा सरस लावला होता, तोही घाईत, फक्त कडांना. आणि चार कोपऱ्यांत बिनडोक्याचे चार खिळे. कडेवर ओलं फडकं ठेव, वरून गरम इस्त्री दाबून धर, सरस मऊ पडेल. मग पातळ पट्टीने उचल. फळी अख्खी निघेल.

तू का उघडली नाहीस ते मला ठाऊक नाही. आता विचारायचं तोंडही नाही. पण उघड.

अक्का

५ सप्टेंबर

अक्का,

तुझी तार कारकुनाने स्वतः आणून दिली, त्याचाही चेहरा उतरला होता. पत्र परवा मिळालं.

खोटं बोललो. करवत लावली नव्हती. दोनदा हातात घेतली आणि दोनदा ठेवली.

त्या फळीवर भिंगरीच्या उंचीच्या खुणा आहेत. दर वाढदिवसाला तुझी वहिनी तिला तिथे उभी करायची आणि डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने रेघ मारायची. बाकीच्या फळ्या मी दरवर्षी उतरवून घासायचो, रंग द्यायचो, तुम्हीच लावलेली सवय. ही एक निघत नव्हती, म्हणून वहिनीने ती धरली. म्हणाली, ही तरी तुझ्या पॉलिश कागदापासून वाचेल. तू परदेशी गेल्यानंतरची गोष्ट, तुला कुठून कळणार. मी कधी लिहिलंही नाही.

तुझ्यावर रागावलो का? रागावलो. दोन दिवस तुझं पत्र उलटं करून ठेवलं होतं. माझ्या लग्नाच्या बोटीत तू चीर ठेवलीस, आणि भिंगरीला घेऊन मी दर रविवारी त्या चिरेखाली बसत होतो. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही, म्हणून लिहिलं. आता राग नाही.

काल लॉन्ड्रीवाल्याची इस्त्री मागून आणली. कडेकडेने गेलो, खुणांवर वाफ जाऊ नये म्हणून वर कोरडा टॉवेल धरला. चार तास लागले. फळी अख्खी निघाली. बाहेर उजेडात नेऊन वाचली. इतक्या वर्षांत मी ती कधी वाचलीच नव्हती, नुसती तिच्यासमोर बसायचो. नऊ रेघा. पाचव्या रेघेशी वहिनीने लिहिलंय, टाचा उचलल्या आहेत, बोटभर कमी धरावं. आणि नवव्या रेघेच्या वर, बरंच वर, लाल खडूने एक वाकडी रेघ आहे. ती वहिनीची नाही. बाकावर चढून भिंगरीने स्वतः मारलेली. शेजारी लिहिलंय, मोठी झाल्यावर मी. आत्याकडे बोटीने.

तुझी पट्टी काढली. दोन्ही हातांनी धरून वाकवली, बिस्किटासारखी मोडली. सहाव्या भोकातूनच.

वेल्डरने सामान गुंडाळलं, तो गेला. दुसरीकडे करायला टाकली तर तीन आठवडे म्हणतात, आणि तेही नक्की नाही. खडी माझ्यापासून चाळीस पावलांवर आली आहे. दहा तारखेचं निघणं राहिलं. पण तीस तारखेला सकाळच्या भरतीला मी निघणार, पट्टी होवो न होवो. नाही झाली तर साखळी ओवून तार आत तुळईला बांधेन. तू ओरडशील. ओरड. इथे उभा राहून तिला मोडताना बघण्यापेक्षा ते बरं. पुढे काय करायचं ते मला सुचत नाही अक्का, खरंच सुचत नाही.

बाब्या

१६ सप्टेंबर

बाब्या,

फळ्या जगात खूप आहेत असं मी लिहिलं होतं. ते पत्र जाळून टाक.

साखळीने बांधलेली डोलकाठी पहिल्या रात्रीत जाईल. हे मी तीस वर्षं हेच काम केलेली बाई म्हणून सांगते, बहीण म्हणून नाही. बहीण म्हणून सांगायला लागले तर मला लिहिता येणार नाही. अण्णा गेले तेव्हा मी लांब होते. भिंगरी गेली तेव्हा लांब होते, तिला मी पाहिलंही नाही, फोटो तेवढा आहे. वहिनी गेली तेव्हा तार आली. आता तुझी तार घ्यायला मी धक्क्यावर उभी राहणार नाही. माझ्या पट्टीने तुला मारायचं नाही.

तुझं पत्र मी सात-आठ वेळा वाचलं. मला एकच सांगायचं आहे. फळी घेऊन ये. म्हातारी राहू दे.

तुला राग येईल. तू तिला पाच महिने हाताने उभी केलीस. पण ती पोर आत्याकडे यायची म्हणत होती ना? मग तिला आण. तिला बुडवू नकोस रे.

वरच्या खोलीतलं माझं सामान मी हलवलं आहे.

अक्का

४ ऑक्टोबर

ती. अक्का,

नमस्कार.

तुझं पत्र सत्तावीसला मिळालं. पट्टी झाली नव्हती. अठ्ठावीसला मी साखळी आणून बांधूनही पाहिली. एकोणतीसला दिवसभर केबिनमध्ये बसलो. फळी बाकावर आडवी ठेवली होती, चादरीवर. जिथून ती काढली तिथे नुसती बोटीची फायबरची भिंत दिसत होती, तुझ्या पट्टीच्या बोल्टची भोकं, जुना सरस. मी बराच वेळ तिकडे बघत बसलो. पहिल्यांदाच मला तिथे बसावंसं वाटेना.

तीस तारखेला सकाळी भरती आली आणि गेली. कारकून आला, त्याने मला कागदावर सही करायला सांगितली. मी केली. नकाशे आणि औषधांचा डबा वेल्डरच्या ओळखीच्या एका बोटवाल्याला दिला, तो दुसऱ्या बंदरातून निघणार आहे.

तिला मोडताना मी बघितलं. पाठ केली नाही. डेक पटकन गेलं, केबिनही. पण तुळईपाशी यंत्र अडलं. त्याला तीनदा तोंड घालावं लागलं. चालवणारा खाली उतरून बघायला आला, आत काय घातलंय म्हणून. हे तुला कळावं असं वाटलं म्हणून लिहितो. मी रडलो, तेही लिहितो.

एकवीस तारखेच्या प्रवासी जहाजाने येतोय. सामानात एक पेटी. फळी शिडाच्या कापडात गुंडाळली आहे, ती सामानात द्यायला मी तयार नाही, हातात घेऊन येणार. तुझ्या पट्टीचे दोन तुकडे पण आणतोय. अण्णांना दाखवता आले नाहीत, मला दाखव. दोघं मिळून बघू आणि मग टाकून देऊ.

फळी साडेपाच फूट आहे. खडूची रेघ माझ्या कानापाशी येते. तिने स्वतःला बरीच उंच धरली होती. मागच्या दाराशेजारी, जिथून खाडी दिसते, तिथे भिंतीवर तेवढी जागा करून ठेव. आणि सहा स्क्रू आणून ठेव, लांब, न गंजणारे. सरस आणू नकोस.

तुझा,
बाब्या